समाजशास्त्रीय क्षेत्राभ्यास : काटोल–नागपूर प्रदेश

एखाद्या समाजात प्रत्यक्ष जाऊन, तेथे दीर्घकाळ राहून, लोकांशी त्यांच्याच बोलीत बोलून व त्यांचे नित्याचे व्यवहार पाहून त्या समाजाचे जीवन समजावून घेण्याच्या पद्धतीस क्षेत्राभ्यास म्हणतात. त्यातून सिद्ध होणाऱ्या लेखनास मानवजातिवर्णन अशी संज्ञा आहे. सहभागी निरीक्षण, मुक्त मुलाखत, वंशावळींची नोंद, जीवनवृत्तांत आणि व्यक्ति-अध्ययन ही या पद्धतीची प्रमुख साधने होत. जनगणना किंवा नमुना पाहणी ‘किती’ या प्रश्नाचे उत्तर देते. क्षेत्राभ्यासाला ‘कसे’ आणि ‘कोणत्या अर्थाने’ हे जाणावयाचे असते. साहजिकच त्याची आधारसामग्री मुख्यतः गुणात्मक असते आणि तिची विश्वसनीयता आकड्यांच्या ताळ्यावर ठरत नाही. माहिती कोणी मिळविली, कोणाकडून मिळविली, कोणत्या प्रयोजनाने व कोणाच्या मध्यस्थीने मिळविली, यांवर ती ठरते. नागपूर प्रदेशात या चारही गोष्टींचा इतिहास सु. दोनशे वर्षे मागे नेता येतो. तेथे लिहिली गेलेली वर्णने पुढे शासकीय अनुसूचींत व न्यायालयांत पुरावा म्हणून परत आली आणि ज्यांचे वर्णन केले होते त्यांच्याच वंशजांचे शिक्षण, नोकरी व प्रतिष्ठा त्यांवर अवलंबून राहिली. म्हणून या विषयाच्या अभ्यासात या प्रदेशाला विशेष महत्त्व आहे.

काटोल हे नागपूरच्या वायव्येस सु. ६० किमी. वर, जाम नदीच्या काठी वसलेले तालुक्याचे ठिकाण असून नागपूर–इटारसी लोहमार्गावरील स्थानक आहे. ब्रिटिश अमदानीत ते नागपूर जिल्ह्यातील एका तहसिलीचे मुख्य ठिकाण होते. कापूस आणि संत्री ही या भागाची ख्यात पिके. कुणबी, माळी, तेली, कोष्टी, गोवारी, गोंड, पूर्वाश्रमीचे महार व आजचे बौद्ध, तसेच फासेपारधी यांसारख्या भिन्न समाजांचे या परिसरातील सान्निध्य, मराठीच्या नागपुरी बोलीचे प्राबल्य आणि उत्तरेकडील हिंदी व गोंडी भाषिक मुलखाशी असलेला संपर्क यांमुळे जात व जमात यांमधील सीमारेषा येथे कधीच सरळ नव्हती. ही सीमारेषा आखण्याचा प्रयत्न मात्र जवळजवळ प्रत्येक पिढीतील अभ्यासकाने केला.

नागपूर राज्यातील समाजाचे पहिले विस्तृत इंग्रजी वर्णन रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याच्या १८२७ मधील अहवालात आढळते. भोसल्यांच्या राज्याचा कारभार त्याच्या देखरेखीखाली असताना ते तयार झाले. त्यात भूमी, महसूल, न्याय व जाती यांची माहिती एकाच दृष्टीने, म्हणजे राज्यकर्त्याच्या दृष्टीने, गोळा केलेली आहे. अशा अहवालांत लोक बोलत नाहीत. त्यांच्याविषयी बोलले जाते. तथापि पुढील सर्व गॅझेटिअरांना हा अहवाल पायाभूत ठरला.

यापेक्षा निराळ्या वळणाचे काम स्टीव्हन हिस्लॉप (१८१७–६३) याने केले. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा हा मिशनरी १८४५ मध्ये नागपुरास आला आणि मृत्यूपर्यंत, रजेचा काळ वगळता, तेथेच राहिला. शाळा चालविणे व धर्मप्रचार हे त्याचे मुख्य कार्य होते. पण भूविज्ञान, जीवाश्म आणि आदिवासींच्या भाषा यांचा त्याला मोठा व्यासंग होता. दौऱ्यांत त्याने निरनिराळ्या जमातींच्या शब्दांच्या तौलनिक याद्या तयार केल्या. गोंडांचे परंपरागत गायक व कुलवृत्तकार जे परधान, त्यांच्यापैकी एकाच्या तोंडून लिंगोची प्रदीर्घ गोंडी कथा उतरवून घेण्यात आली, ती त्याच्याच प्रयत्नाने. मौखिक परंपरेतील एवढी मोठी रचना मूळ भाषेत शब्दशः नोंदविण्याचा भारतातील हा आरंभीच्या प्रयत्नांपैकी एक होय. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळांची जागा पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात बुडून हिस्लॉपचा मृत्यू झाला. नागपूरहून काटोलकडे जाणाऱ्या रस्त्यावर जुनापाणी येथेही अशीच शिलावर्तुळे आहेत. त्याची टिपणे अपुरीच राहिली. मध्य प्रांताचा मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल याने ती संपादून १८६६ मध्ये नागपूर येथे प्रसिद्ध केली.

लिंगोकथेची ही नोंद क्षेत्राभ्यासातील एका मूलभूत अडचणीचे उत्तम उदाहरण आहे. कथेत महादेव गोंडांना गुहेत कोंडतो व लिंगो त्यांची सुटका करतो. यातील महादेव हा मूळ गोंडी परंपरेतील की हिंदू संपर्काने आलेला, हा वाद कथा छापली गेल्यापासूनच सुरू आहे. परधान हा गोंड यजमानाकडे जाऊन कथा गाणारा. नागपुरासारख्या शहरात मिशनऱ्याच्या सांगण्यावरून ती कथा लिहवून देताना त्याने कोणता पाठ निवडला, काय गाळले, काय सुबोध केले, हे जाणण्याचे साधन उरलेले नाही. गाणे वाद्यासह, विशिष्ट विधीच्या रात्री व ओळखीच्या श्रोत्यांपुढे गायिले जाते, तेव्हा त्यात होणारे फेरफार कागदावर येत नाहीत. कागदावर उतरलेला एकच पाठ मग ‘अस्सल’ ठरतो. पुढे जेम्स फॉर्सिथ याने ही कथा इंग्रजी पद्यात आणून आपल्या १८७१ मधील मध्य भारतविषयक ग्रंथात छापली. मूळ परधानाचे नाव मात्र या कथेबरोबर प्रसिद्धीला आले नाही.

मध्य प्रांत १८६१ मध्ये अस्तित्वात आल्यानंतर जमाबंदी, गॅझेटिअर आणि जनगणना यांच्या निमित्ताने माहिती गोळा करण्याचे सरकारी यंत्र उभे राहिले. नागपूर जिल्ह्यात ते मालगुजारी पद्धतीवर आधारलेले होते. गावाचा मालगुजार सरकारला सारा भरणारा व गावातील प्रमुख. दौऱ्यावरील साहेबाचा मुक्काम त्याच्या व्यवस्थेखाली, आणि चौकशीस बोलाविलेली माणसे त्याच्या व पटवाऱ्याच्या समोर उभी. आर. एच. क्रॅडॉक याचा नागपूर जिल्ह्याच्या जमाबंदीचा अहवाल (१८९९) शेतीविषयी मार्मिक आहे. पण गावातील कूळ, सालदार अथवा गुराखी मालगुजारासमोर काय बोलेल आणि काय बोलणार नाही, याचा विचार अशा अहवालांच्या वाचकानेच करावा लागतो. मालगुजारी १९५१ मध्ये संपुष्टात आली. संशोधकाने प्रथम गावातील मोठ्या वाड्यात जाऊन बसण्याची रीत मात्र त्यानंतरही बराच काळ टिकली.

मध्य प्रांतातील मानवजातिवर्णनाचा आधारग्रंथ म्हणजे आर. व्ही. रसेल (१८७३–१९१५) व रायबहादूर हिरालाल (१८६७–१९३४) यांचा ‘ट्राइब्ज अँड कास्ट्स ऑफ द सेंट्रल प्रॉव्हिन्सेस ऑफ इंडिया’ हा १९१६ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झालेला चार खंडांचा ग्रंथ. १९०१ मध्ये भारत सरकारने हर्बर्ट रिझ्ली याच्या पुढाकाराने मानवजातिवर्णनात्मक पाहणीची जी योजना हाती घेतली, तिचे हे या प्रांतातील फळ होते. रसेल हा १९०१ च्या जनगणनेचा प्रांतिक अधीक्षक होता. मुडवारा (कटनी) येथील हिरालाल हे महसूल खात्यातील अधिकारी असून कोरीव लेख, बोली व स्थानिक इतिहास यांचे जाणकार होते. रसेल स्वतः ग्रंथ प्रसिद्ध झालेला पाहू शकला नाही. ज्या ‘पर्शिया’ जहाजातून तो प्रवास करीत होता ते ३० डिसेंबर १९१५ रोजी पाणतीराने बुडविले गेले व त्यात त्याचा अंत झाला. मुखपृष्ठावर हिरालाल यांचा उल्लेख साहाय्यक म्हणून आहे. ग्रंथातील भाषिक व सामाजिक तपशिलाची सूक्ष्मता पाहता हा शब्द फार तोकडा वाटतो.

या ग्रंथाची पद्धती पाहण्यासारखी आहे. अनेक लेखांच्या तळटिपांत तहसीलदार, नायब तहसीलदार, शाळाखात्यातील निरीक्षक, शिक्षक आणि गॅझेटिअर कचेरीतील कारकून यांनी पाठविलेल्या टिपणांचा निर्देश येतो. म्हणजे एखाद्या जातीचे वर्णन हे प्रायः त्या जातीबाहेरील, साक्षर, बहुधा उच्चवर्णीय नोकराने तिच्यातील काही प्रमुखांना विचारून लिहिलेले, मग मुख्यालयात संक्षेपिलेले व शेवटी इंग्रजीत बसविलेले असे. प्रश्नांचा साचा ठरलेला होता : उत्पत्ती, पोटजाती, बहिर्विवाही कुळे, विवाह, अंत्यसंस्कार, देवता, व्यवसाय, सामाजिक दर्जा. साच्यात न बसणारे बरेच काही सुटले. साच्यात जे विचारले त्याचे उत्तर मात्र असो वा नसो, मिळाले. याच काळात जॉर्ज ग्रीअर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणासाठीही जिल्हा अधिकाऱ्यांमार्फतच नमुने जमविले गेले. उधळ्या पुत्राची बायबलमधील कथा बोलीबोलींत भाषांतरित करून घेणे ही त्यातील ठरलेली रीत होती. मराठीला वाहिलेल्या सातव्या खंडात (१९०५) नागपुरी मराठीच्या परिवारात गोवारी, कोष्टी अशा जातींच्या नावांनी बोली नोंदल्या गेल्या. जातीचे नाव आले की भाषाही वेगळी असावी, ही कचेरीची अपेक्षा त्यातून दिसते.

रसेल–हिरालाल यांच्या ग्रंथातील गोवारींवरील लेख येथे विस्ताराने पाहणे आवश्यक आहे. गोवारी ही मराठी मुलखातील गुरे राखणारी जात. १९११ मध्ये त्यांची संख्या दीड लाखाहून अधिक असून त्यांपैकी बहुसंख्य नागपूर विभागात होते, असे तो लेख सांगतो. त्यात जातीचे तीन पोटभेद दिले आहेत : गायकी किंवा गाय-गोवारी, इंगा आणि मारिया अथवा गोंड-गोवारी. पहिला भेद उच्च मानून त्यात गोंड रक्त बहुधा नसावे, तर इतर दोन गोंडांपासून अधिक प्रत्यक्षपणे आले असावेत, असे अनुमान केलेले आहे. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्यावयास हव्यात. पहिली, गोंड-गोवारी हा या लेखात गोवारींचा एक पोटभेद आहे, स्वतंत्र जमात नव्हे. दुसरी, ‘रक्त’ हे अनुमान त्या काळच्या वंशविषयक कल्पनांतून आलेले आहे. त्यामागे कोणतीही मोजणी नाही. चाळीस वर्षांनी या चार-सहा ओळींना कायद्याचे वजन येईल, याची कल्पना लेखकांना असणे शक्य नव्हते.

पारध्यांच्या बाबतीत माहितीचा उगमच अधिक दूषित होता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानंतर या लोकांविषयीचे लेखन प्रामुख्याने पोलिसांकडून झाले. मेजर ई. जे. गंथॉर्प याचे मुंबई इलाखा, वऱ्हाड व मध्य प्रांतातील ‘गुन्हेगार जमातीं’वरील १८८२ चे पुस्तक हे त्याचे एक उदाहरण. शिकारीची साधने, फासे लावण्याचे कसब, सांकेतिक बोली, स्त्रियांचे नियम हे सारे तेथे पाळत ठेवणाऱ्याच्या नजरेने टिपलेले आहे, आणि तेच तपशील पुढे मानवजातिवर्णनात शास्त्रीय म्हणून शिरले. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. तथापि पारध्यांच्या बेड्यावर वही घेऊन जाणाऱ्या माणसाला आजही प्रथम पोलिसाच्या किंवा तलाठ्याच्या जागी कल्पिले जाते व उत्तरे त्या हिशेबाने मिळतात. संशोधकाचा हेतू शुद्ध असला तरी त्याच्याआधी आलेल्यांचे ओझे त्याला वाहावेच लागते. ‘उपरा’ (१९८०), ‘उचल्या’ (१९८७) यांसारख्या आत्मकथनांनी भटक्या व विमुक्तांचे जीवन आतून मांडले, तेव्हा बाहेरून लिहिलेल्या वर्णनांतील उणिवा मराठी वाचकाला प्रथमच ठळकपणे दिसल्या. योगायोग असा, की रसेल–हिरालाल यांचा ग्रंथ निघाला त्याच वर्षी, ९ मे १९१६ रोजी, न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात मानवशास्त्राच्या चर्चासत्रात भीमराव रामजी आंबेडकर यांनी भारतीय जातिसंस्थेवरील आपला निबंध वाचला. जातींच्या याद्या करण्याऐवजी जात टिकते कशी, हा प्रश्न त्यात होता. आणि तो विचारणारा तिचे चटके सोसलेला होता.

पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रॉनिस्लाव्ह मॅलिनॉव्हस्की याने ट्रोब्रिअंड बेटांवर दीर्घकाळ राहून जे काम केले, त्यामुळे क्षेत्राभ्यासाचे मानदंड बदलले. दुभाष्याविना भाषा, वर्षभराचे वास्तव्य आणि रोजची टिपणे ही आता किमान अट झाली. (त्याची खासगी दैनंदिनी १९६७ मध्ये छापली गेली तेव्हा ज्यांच्यात तो राहिला त्यांच्याविषयीचा त्याचा त्रागाही उघड झाला, आणि अभ्यासकाची मनःस्थिती हीदेखील पद्धतीचा भाग आहे, हे मान्य करावे लागले.) मध्य प्रांतात हे वळण व्हेरिअर एल्विन (१९०२–६४) व त्यांचे सहकारी शामराव हिवाळे यांच्यामुळे आले. १९३२ पासून मंडला जिल्ह्यात गोंड व बैगा यांच्यामध्ये त्यांनी वस्ती केली. ‘द बैगा’ (१९३९) आणि ‘द मुरिया अँड देअर घोटुल’ (१९४७) हे एल्विनचे ग्रंथ पुढे प्रसिद्ध झाले. मराठी भाषक हिवाळे यांचा परधानांवरील ग्रंथ १९४६ मध्ये निघाला. हिस्लॉपच्या टिपणात निनावी राहिलेल्या गायकवर्गाचे जीवन त्यात प्रथमच स्वतंत्र विषय झाले, हे या ग्रंथाचे महत्त्व. त्याची मराठीत व्हावी तेवढी दखल घेतली गेली नाही.

दीर्घ वास्तव्याने सत्य आपोआप हाती येते असे मात्र नाही. एल्विनने आदिवासींना बाह्य संपर्कापासून जपण्याची बाजू घेतली, तर गो. स. घुर्ये (१८९३–१९८३) यांनी १९४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तथाकथित आदिवासी हे वस्तुतः मागासलेले हिंदू होत, असे प्रतिपादन केले. दोघांपुढील सामग्री बऱ्याच अंशी एकच होती. तिचे वाचन परस्परविरुद्ध होते. डब्ल्यू. व्ही. ग्रिग्सन याने मध्य प्रांत व वऱ्हाडातील आदिवासींच्या प्रश्नावर केलेला, १९४४ मध्ये नागपुरास छापलेला अहवाल प्रशासकाच्या भूमिकेतून जमीन, कर्ज व वेठ यांवर भर देतो. गोंड कोणास म्हणावे, हा प्रश्न या तिघांच्या मांडणीत तीन निराळी रूपे घेतो.

पश्चिम महाराष्ट्रात याच काळात ग्रामाभ्यासाची परंपरा विकसित होत होती. त्रि. ना. आत्रे यांचा ‘गावगाडा’ (१९१५) हा महसुली नोकरीतील अनुभवावर आधारलेला ग्रंथ, हॅरल्ड मॅन याची पिंपळे सौदागर येथील पाहणी (१९१७) आणि इरावती कर्वे (१९०५–७०) यांचे नातेसंबंधांविषयीचे संशोधन हे तिचे टप्पे होत. पुनरभ्यास या तंत्राचा एक चांगला नमुनाही येथे मिळतो. डॉ. टॉमस कोट्स याने १८१९–२० च्या सुमारास पाहिलेल्या पुण्याजवळील लोणीकंद गावाचा घुर्ये यांनी पुन्हा अभ्यास करून १९६० मध्ये तुलना प्रसिद्ध केली. नागपूर प्रदेशात गॅझेटिअर व जमाबंदीच्या अहवालांमुळे अशा तुलनेची साधने विपुल असूनही तेथील लक्ष जमातींच्या वर्गीकरणाकडे अधिक राहिले.

काटोल तालुक्यासारख्या भागात प्रत्यक्ष काम करताना येणाऱ्या अडचणी पुस्तकी नियमांनी सुटत नाहीत. पहिली अडचण ऋतूची. संत्र्याचा आंबिया बहर पावसाळ्यानंतर, तर मृग बहर उन्हाळ्याच्या तोंडावर हाती येतो. कापसाची वेचणी दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन हिवाळाभर चालते. विद्यापीठातील संशोधक बहुधा उन्हाळी सुटीत गावी येतो. तेव्हा त्याला लग्ने, पाण्याची टंचाई व रिकामी शेते दिसतात. मजुरीचे दर, बागेतील सौदे आणि वेचणाऱ्या स्त्रियांच्या टोळ्या यांविषयी तो लोकांच्या आठवणीवरच विसंबतो. गुराख्याची गाठ घ्यावयाची तर पहाटे गुरे जमतात त्या आखरावर जावे लागते. दिवसभर तो रानात असतो आणि संध्याकाळी थकलेल्या माणसाची मुलाखत ही मुलाखत राहत नाही. त्याच्याबरोबर चालत गेल्यास कोणते शेत कोणाला खुले, कोणत्या धुऱ्यावरून तंटा होतो, राखणीचा मोबदला कोण थकवतो, हे न विचारताच कळते. प्रश्नावलीत यांपैकी एकही प्रश्न सहसा नसतो.

दुसरी अडचण भाषेची. नागपुरी बोलीत बोलणारा माणूस शहरातून आलेल्या व्यक्तीसमोर प्रमाण मराठीकडे झुकतो. तसे करताना केवळ शब्दच नव्हे, तर आशयही सभ्य करतो. भूत, करणी, पाट, देवाला सोडलेला बोकड या गोष्टी मग ‘पूर्वी होत्या’ अशा सांगितल्या जातात. स्त्रियांकडून मिळणारी माहिती पुरुष संशोधकाला घरातील पुरुषांच्या मुखातून गाळून मिळते. पुणे जिल्ह्यात गी पॉइट्व्हँ व हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्यांचा जो प्रचंड संग्रह केला, त्यात खेड्यातील स्त्रियांनीच स्त्रियांकडून ओव्या जमविल्या. थेट विचारल्यास ज्याचे उत्तर येत नाही ते ओवीत उघडपणे येते, हा त्या कामाचा पद्धतिशास्त्रीय धडा विदर्भालाही लागू आहे.

तिसरी अडचण टिपणांची. ती रोजच्या रोज लिहावी लागतात. पाहिलेले, ऐकलेले व स्वतःचे अनुमान यांची सरमिसळ टाळावी लागते. एम. एन. श्रीनिवास यांची म्हैसूरकडील रामपुरा गावाची टिपणे १९७० मध्ये अमेरिकेत लागलेल्या आगीत जळाली आणि ‘द रिमेम्बर्ड व्हिलेज’ (१९७६) हा ग्रंथ त्यांनी मुख्यतः स्मरणाच्या आधारे लिहिला. तो वाचनीय झाला, पण हा मार्ग कोणी मुद्दाम पत्करू नये. गोपनीयता ही याच अडचणीची दुसरी बाजू होय. हेन्री ओरेनस्टाइन याने पुणे जिल्ह्यातील एका खेड्यावरील आपल्या १९६५ मधील ग्रंथात त्या खेड्याला नुसते ‘गाव’ म्हटले. व्यक्ती व खेडे असे झाकता येते. जात किंवा जमात झाकता येत नाही, आणि हानी वा लाभ होतो तो तिच्याच नावाने.

याचा सर्वांत कठोर प्रत्यय गोवारींच्या इतिहासात येतो. १९५६ च्या सुधारित अनुसूचीत गोंड या नोंदीखाली ‘गोंड गोवारी’ असा समावेश झाला. विदर्भातील गोवारींचे म्हणणे असे, की ही नोंद त्यांचीच आहे. गोंड गोवारी नावाची वेगळी जमात प्रत्यक्षात नाही. महाराष्ट्र शासनाने २४ एप्रिल १९८५ च्या निर्णयाने गोंड गोवारी हे गोवारींहून निराळे असल्याचे कळविले व गोवारींना अनुसूचित जमातीचे दाखले मिळणे अवघड झाले. या मागणीसाठी २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनावर मोर्चा नेण्यात आला. त्या वेळी झालेल्या चेंगराचेंगरीत ११४ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत स्त्रिया व मुले मोठ्या संख्येने होती. नागपूरच्या मध्यवस्तीत त्यांचे स्मारक उभारण्यात आले आहे. १९९५ मध्ये गोवारींना विशेष मागास प्रवर्गात घेण्यात आले. मूळ मागणी तशीच राहिली.

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी, गोंड गोवारी ही जमात १९११ पूर्वीच लुप्त झाली होती आणि म्हणून अनुसूचीतील नोंद गोवारींचीच समजली पाहिजे, असा निर्णय दिला. रसेल–हिरालाल यांचे वर्णन या विवेचनात महत्त्वाचा आधार होते. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२० रोजी हा निर्णय फिरविला. अनुसूचीतील नोंद आहे तशीच वाचावयाची असते. पुरावा घेऊन तीत नसलेल्या समाजाचा समावेश करण्याचा अधिकार न्यायालयास नाही, आणि गोवारी व गोंड गोवारी हे भिन्न आहेत, असे त्याने म्हटले. नागपूरच्या हलबा–कोष्टी प्रश्नाशी निगडित मिलिंद खटल्यात घटनापीठाने २८ नोव्हेंबर २००० रोजी हीच भूमिका घेतली होती. मधल्या काळात उच्च न्यायालयाच्या निर्णयामुळे ज्यांना प्रवेश वा नोकरी मिळाली होती, त्यांना मात्र संरक्षण देण्यात आले. पोटभेद म्हणून लिहिलेले एक नाव यादीत स्वतंत्र झाले आणि त्या नावामागे माणसे कोणती, हा प्रश्न ज्या पुस्तकामुळे निर्माण झाला त्याच पुस्तकाकडे उत्तरासाठी परत गेला.

क्षेत्राभ्यासाच्या साधनांचाही असाच कायदेशीर उपयोग होत गेला. माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २ सप्टेंबर १९९४ रोजी जातीच्या दाखल्यांच्या पडताळणीसाठी समित्या व दक्षता पथके नेमण्याचे निर्देश दिले. अर्जदाराच्या कुटुंबाच्या देवता, विधी, विवाह व अंत्यसंस्कार यांच्या चालीरीती विचारून त्या जमातीशी त्याचे साम्य पाहावे, असे त्यात होते. हीच ‘आप्तभाव चाचणी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. मानवशास्त्रज्ञाने कुतूहलाने विचारावयाचे प्रश्न आता अधिकाऱ्याच्या हाती परीक्षेचे प्रश्न झाले. उत्तरपत्रिका कोणती, तर शंभर वर्षांपूर्वीचे वर्णन. ज्या कुटुंबाने शिक्षणासाठी काटोल किंवा नागपूर गाठले, ज्याच्या घरात लग्ने आता मंगल कार्यालयात होतात, त्याला आजोबांच्या पद्धती सांगता येत नाहीत. ज्याने पुस्तक वाचून ठेवले आहे त्याला त्या बिनचूक सांगता येतात. प्रामाणिक अज्ञान नापास होते आणि पाठांतर उत्तीर्ण होते. क्षेत्राभ्यासात ज्याला सूचक प्रश्नाचा दोष म्हणतात, तो येथे कार्यपद्धतीतच मुरलेला आहे.

या त्रुटीची जाणीव न्यायालयांनाही झाली. आनंद खटल्यात (२०११) सर्वोच्च न्यायालयाने स्थलांतर, आधुनिकता व इतर समाजांशी संपर्क यांमुळे पारंपरिक लक्षणे बदलतात हे मान्य करून ही चाचणी निर्णायक कसोटी मानता येणार नाही, असे सांगितले. महाराष्ट्र आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समितीच्या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २४ मार्च २०२३ रोजी तिला प्रत्येक दाव्यात अनिवार्य मानण्याचे नाकारले आणि जुन्या कागदपत्रांना, विशेषतः स्वातंत्र्यपूर्व काळातील नोंदींना, अधिक महत्त्व दिले. स्वातंत्र्यपूर्व नोंद म्हणजे बहुतेक प्रकरणांत शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीतील किंवा कोतवाल बुकातील जातीचा रकाना. तो रकाना त्या दिवशी शिक्षकाने वा कोतवालाने, ज्या नावाने त्याला ते कुटुंब ठाऊक होते त्या नावाने, भरलेला असतो.